गिटार एकदाच वाजवा, ड्राय आणि वेट दोन्ही एकदम घ्या : रीअ‍ॅम्पिंगसाठी रेकॉर्डिंग कसं करायचं

टेक झकास झालाय, फील आलाय, टायमिंगही जमलंय, आणि मिक्सला बसल्यावर कळतं की गेन (आवाज किती चढवलाय ते) जरा जास्तच झालाय, कॉर्ड मारली की नुसता लगदा ऐकू येतोय. आता काय करणार? डिस्टॉर्शन एकदा आवाजात मिसळलं की बाहेर काढता येत नाही, ईक्यूने थोडंफार सावरतं, बास. यावरचा उपाय म्हणजे वाजवतानाच दोन ट्रॅक घ्यायचे. एकावर तयार आवाज, म्हणजे अ‍ॅम्प, पेडल, प्लगइन, मॉडेलर (अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र) जे काय वापरताय त्यातून बाहेर आलेला, याला वेट म्हणू. दुसऱ्यावर गिटारच्या जॅकमधून निघालेला कोरा सिग्नल, म्हणजे ड्राय, याला बरेच जण डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) पण म्हणतात. नंतर तो कोरा सिग्नल परत अ‍ॅम्पमध्ये सोडायचा आणि नवा आवाज माइकने पकडायचा, हेच रीअ‍ॅम्पिंग. स्टुडिओवाले इकडचं तिकडे जोडून हे आधीपासून करायचेच, पण १९९० च्या दशकात जॉन क्युनिबर्टी या इंजिनीअरने (गिटारिस्ट जो सॅट्रियानी याच्या अल्बम्सवर काम करायचा) यासाठी खास एक डबी बनवली, नाव ठेवलं रीअ‍ॅम्प, आणि ते नाव या सगळ्या प्रकारालाच चिकटलं.

सेटअपकडे जायच्या आधी एक सांगतो, कारण गडबड बहुतेक इथेच होते. ड्राय घेतोय ना, मग वेट कसाही चालेल, आवाज नंतर ठरवू, असं करू नका. माणूस जे ऐकतो तसं वाजवतो. क्लीन आवाज ऐकत वाजवलं की हात आपोआप जोरात पडतो, नोट टिकत नाही म्हणून व्हायब्रेटो लवकर सोडला जातो, आणि न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवायची काळजी कोणी घेत नाही कारण तो खरखराट ऐकूच येत नसतो. हाच टेक नंतर हाय गेन अ‍ॅम्पमधून काढला की पिकचा टकटकाट आणि तारांची कुरकुर सगळं समोर येतं, आणि त्यावर रीअ‍ॅम्पिंगमध्ये काही इलाज नाही. म्हणून वेट आवाज असा लावा की गाणं उद्याच बाहेर काढायचं झालं तर तोच वापराल. निदान गेनचं प्रमाण तरी शेवटी हवं त्याच्या जवळपास पाहिजे.

आणखी एक म्हणजे फीडबॅक. मोठ्या आवाजातल्या अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवलं की हवेतून तारा हलतात आणि नोट लांबते, गाते. हे तारेतच घडतं त्यामुळे ड्राय ट्रॅकमध्येही ते येतं, आणि नंतर दुसऱ्या अ‍ॅम्पमधून काढलं तरी टिकतं. उलट हेडफोनवर शांतपणे वाजवलेला टेक नंतर कितीही मोठ्या अ‍ॅम्पमधून सोडा, तो सस्टेन येणार नाही, कारण गिटार तिथे नाहीच आहे. लीडचे भाग करताना शक्य असेल तर अ‍ॅम्पच्या खोलीतच बसून वाजवा.

सिग्नल कुठे फोडायचा

सगळ्यात सोपा आणि भरवशाचा मार्ग डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल माइक इनपुटला चालेल असा करून देणारी डबी. गिटार त्याच्या इनपुटला, त्याच्या थ्रू जॅकमधून नेहमीची गिटार केबल अ‍ॅम्पला (किंवा पेडलबोर्डला), आणि एक्सएलआर (तीन पिनांचं) आउटपुट इंटरफेसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओच्या डबीच्या, माइक इनपुटला. अ‍ॅम्पसमोरचा माइक दुसऱ्या इनपुटला. दोन ट्रॅक आर्म करा (रेकॉर्डसाठी तयार ठेवा), रेकॉर्ड दाबा, झालं. सॉफ्टवेअरमध्ये ड्राय ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर अ‍ॅम्पच्या आवाजासोबत ती कोरी टिणटिण कानात येत राहते आणि वैताग येतो.

डीआय अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, म्हणजे वीज लागणारा की न लागणारा? साध्या पॅसिव्ह पिकअपच्या गिटारला साधारण १ मेगओहम किंवा जास्त इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) लागतो, म्हणजे पुढच्या यंत्राने पिकअपवर भार टाकायचा नाही. भार पडला की वरची चमक जाते, आवाज ब्लँकेट टाकल्यासारखा होतो. अ‍ॅक्टिव्ह डीआय यात चांगले पडतात, त्यांना बहुतेक वेळा इंटरफेसमधून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधून जाणारी वीज) द्यावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआयचा इनपुट इम्पीडन्स बराच कमी असतो (रेडियलच्या जेडीआयचा १४० किलोओहम), त्यामुळे सिंगल कॉइल पिकअपवर फरक कळू शकतो, पण अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर उलट पॅसिव्ह डीआय मस्त चालतो कारण तो जोरदार सिग्नल आरामात पचवतो. आणि इंटरफेसच्या लाइन इनपुटला गिटार थेट लावायचीच नाही, तिथे इम्पीडन्स १० किलोओहमच्या आसपास असतो. इन्स्ट किंवा हाय-झी असं लिहिलेलं बटण असेल तर ते दाबलंय ना हे आधी बघा.

डीआय नसेल तर? बफर (पिकअपवर भार न येऊ देणारं सर्किट) असलेला स्प्लिटर किंवा एबीवाय पेडल (एक सिग्नल दोन ठिकाणी पाठवणारं) चालेल, एक बाजू इंटरफेसच्या हाय-झी इनपुटला, दुसरी अ‍ॅम्पला. बॉसच्या टीयू-३ ट्यूनरला आउटपुटशिवाय बायपास नावाचा दुसरा जॅक असतो, तोही या कामाला येतो, घरात आधीच पडलेला असेल तर नवीन काही आणायची गरजच नाही. साधी वाय केबलही चालते पण मग दोन्ही इनपुट एकाच वेळी पिकअपवर बसतात, १ मेगओहमचे दोन मिळून ५०० किलोओहम होतात, थोडी चमक जाते, वर गुणगुण यायची शक्यता. नाइलाज असेल तरच.

मल्टी इफेक्ट्स किंवा मॉडेलर असेल तर यातलं काहीच लागत नाही, बऱ्याच यंत्रांत यूएसबीवरून ड्राय आणि वेट वेगवेगळ्या चॅनलवर येतात. लाइन ६ च्या हीलिक्सवर तयार आवाज १ आणि २ वर येतो आणि गिटार इनपुटचा कोरा सिग्नल ७ वर, फक्त सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या मोनो ट्रॅकचं इनपुट ७ निवडायचं. रीअ‍ॅम्प करताना तोच ट्रॅक यूएसबी ३/४ वर बाहेर पाठवायचा आणि पॅचमधला इनपुट ब्लॉक यूएसबी ३/४ करायचा. सगळं डिजिटलमध्येच राहतं, लेव्हल जुळवायची कटकट नाही.

कुठला इफेक्ट फोडण्याच्या आधी, कुठला नंतर

पुस्तकी उत्तर असं की डीआय सगळ्यात आधी, सगळी पेडल्स त्याच्यानंतर. ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण दोन अपवाद आहेत.

पहिला फझ, जोरदार डिस्टॉर्शनचं पेडल. जुन्या डिझाइनचे फझ, फझ फेसच्या जातीचे, यांचा इनपुट इम्पीडन्स खूप कमी असतो आणि ते पिकअपशी थेट जोडले गेल्यावरच नीट बोलतात, गिटारचा व्हॉल्यूम खाली केला की आवाज कसा निवळतो ते आठवा. मध्ये बफर आला, किंवा नंतर रीअ‍ॅम्प बॉक्समधून सिग्नल दिला, की तोच फझ चिरका आणि कोरडा वाटतो. म्हणून असा फझ वापरणार असाल तर गिटार, मग फझ, मग डीआय. हो, फझ ड्राय ट्रॅकमध्ये कायमचा गेला, पण अ‍ॅम्प, माइक, बाकीची पेडल्स बदलायची मोकळीक तर राहिली.

दुसरा वॉ, पायाने हलवून आवाज बदलायचं पेडल. पायाची हालचाल हा वाजवण्याचाच भाग आहे, नोटबरोबर होणारी. रीअ‍ॅम्प करताना नुसता पाय हलवून ती परत जमवता येईल असं वाटतं, पण तसं जमत नाही फारसं. मी वॉ डीआयच्या आधी ठेवतो. व्हॉल्यूम पेडलने स्वेल करत असाल तर तेही.

नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारा इफेक्ट) मात्र ड्रायच्या रस्त्यात अजिबात नको. गेट कुठे बसवायचा हे गेन किती आहे त्यावर ठरतं आणि तो तर अजून बदलायचाय.

लेव्हल

२४ बिटवर रेकॉर्ड करा, सॅम्पल रेट प्रोजेक्टचा जो असेल तो. ब्रिज पिकअप, सगळे नॉब पूर्ण, आणि गाण्यातली सगळ्यात जोरात कॉर्ड मारून बघा, पीक (मीटरवरचं सगळ्यात उंच टोक) उणे १० ते १२ डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटलची कमाल मर्यादा) आसपास आला की पुरे. त्याच्यावर न्यायचा मोह आवरा. कोरी गिटार मीटरवर फसवी दिसते, पिकचा फटका उंच उडतो आणि मागची नोट एवढीशी, त्यामुळे वेव्हफॉर्म बारीक दिसतो आणि हात गेनच्या नॉबकडे जातो. तो जाऊ देऊ नका. ड्राय ट्रॅक क्लिप झाला, म्हणजे मर्यादेला धडकून फाटला, तर सगळी मेहनतच वाया, कारण तो करकराट प्रत्येक अ‍ॅम्पमधून परत ऐकावा लागणार. अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर डीआयवरचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) दाबा.

एकदा लावलेला गेन पूर्ण गाण्यात बदलायचा नाही, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे लेव्हल जुळवताना हाच फोटो कामाला येतो. आणि टेक झाल्यावर रेकॉर्ड झालेले तुकडे नॉर्मलाइझ (सगळे एका लेव्हलला) करू नका, व्हर्समध्ये हळू वाजवलेलं आणि कोरसमध्ये जोरात वाजवलेलं यातला फरकच अ‍ॅम्पला हवा असतो, तो सपाट केला की अ‍ॅम्प सगळीकडे सारखाच भाजून निघतो.

गुणगुण

गिटार एकाच वेळी अ‍ॅम्प आणि इंटरफेस दोघांना जोडली की अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात आणि ५० किंवा ६० हर्ट्झची गूं सुरू होते. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबून बघा, बहुतेक वेळा तिथेच संपतं. नाही संपलं तर अ‍ॅम्प आणि इंटरफेस विजेच्या एकाच बोर्डवर लावा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पण अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायची किंवा टेप लावून बंद करायची, हे कोणीही सांगितलं तरी करायचं नाही, ट्यूब अ‍ॅम्पमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि काही बिघडलं तर तो करंट हातातल्या तारांमधून तुमच्या अंगात येतो. सिंगल कॉइलची गुणगुण वेगळी, तिच्यासाठी खुर्ची फिरवून बसा, स्क्रीन आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब, एखाद्या कोनात ती एकदम कमी होते. ड्रायमध्ये हळू वाटणारी गुणगुण हाय गेनमध्ये राक्षस होते हे लक्षात ठेवा.

अ‍ॅम्पच नाही, सगळं प्लगइनवर

मग तर ड्राय आपोआपच मिळतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर टाकलेलं प्लगइन फक्त ऐकण्यासाठी असतं, फाइलमध्ये कोरा सिग्नलच जातो. रीपरमध्ये नेहमीच्या एफएक्समध्ये अ‍ॅम्प सिम टाकलं तर रेकॉर्डिंग ड्राय, इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर वेट. दोन्ही पाहिजे असेल तर तेच इनपुट दोन ट्रॅकला द्या आणि दुसऱ्याचा रेकॉर्ड मोड आउटपुटवर करा. प्रो टूल्समध्ये प्लगइन ऑक्सवर टाकून त्याचा बस (आतला मार्ग) दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकच्या इनपुटला द्यायचा.

प्लगइन आहेच तर वेट कशाला छापायचा (रेकॉर्ड करून ठेवायचा) असं वाटेल. कारण प्लगइनचं व्हर्जन बदलतं, लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसतं, प्रीसेट उघडत नाही, आणि प्रोजेक्ट काही वर्षांनी उघडल्यावर त्या दिवशी नक्की काय ऐकत होतो हे कोणालाच आठवत नाही. छापून ठेवा. सॉफ्टवेअरचा बफर (एका वेळी किती सॅम्पल हाताळायचे ते) ६४ किंवा १२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे एका बाजूने २.७ मिलिसेकंद, जाऊन येऊन आणि कन्व्हर्टरचा वेळ धरून त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. वाजवताना मागे पडल्यासारखं वाटत असेल तर बाकीच्या ट्रॅकवरची जड प्लगइन्स तात्पुरती बंद करा.

एडिटिंग आधी, रीअ‍ॅम्प नंतर

ड्राय आणि वेट ट्रॅक पहिल्या टेकपासून ग्रुप करून ठेवा म्हणजे एकावर कापलं की दुसऱ्यावरही तिथेच कापलं जातं. हे विसरलं आणि कॉम्प (चांगल्या टेक्सचे तुकडे जोडून एक टेक) बनवताना फक्त वेट हलवला की नंतर दोन्ही जुळवत बसण्यात संध्याकाळ जाते. टायमिंग बघायला ड्राय ट्रॅक फार सोयीचा, डिस्टॉर्शनचा वेव्हफॉर्म नुसता वीट असतो, ड्रायमध्ये प्रत्येक पिकचा फटका वेगळा दिसतो. प्रत्येक जोडावर छोटा क्रॉसफेड द्या आणि सोलो करून ऐका, कारण ड्रायमधली बारीकशी टिक हाय गेन अ‍ॅम्पमध्ये फटाका होऊन बाहेर येते. डिले आणि रिव्हर्बची शेपटी वेट ट्रॅकवर कापली जाणारच, तिथे मात्र ड्राय उपयोगी पडतो, कापून जोडलेला ड्राय परत इफेक्टमधून काढला की शेपट्या सलग येतात.

परत अ‍ॅम्पमध्ये पाठवताना

इंटरफेसचं लाइन आउट म्हणजे जोरदार आणि लो इम्पीडन्सचं, बॅलन्स्ड. अ‍ॅम्पला हवं असतं गिटारसारखं कमजोर, हाय इम्पीडन्सचं. रीअ‍ॅम्प बॉक्स हेच बदलून देतो, वर ट्रान्सफॉर्मरमुळे अर्थिंग वेगळं होऊन गुणगुण टळते. बॉक्स अ‍ॅम्पच्या जवळ ठेवा, लांब केबल टाकायची तर ती इंटरफेस ते बॉक्स ही बॅलन्स्ड असू दे, पुढची गिटार केबल आखूड. बॉक्स नसेल तर पॅसिव्ह डीआय उलटा लावून काम भागतं, ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो, फक्त एक्सएलआरला मेल फिमेल उलटवणारी केबल किंवा अडॅप्टर लागेल, आणि डीआयमध्ये जो सिग्नल खाली यायचा तो आता तेवढाच वर जाईल, २० डीबीच्या आसपास, त्यामुळे फेडर अगदी खाली ठेवून हळूहळू वाढवा. अ‍ॅक्टिव्ह डीआय उलटा चालत नाही.

रूटिंग : ड्राय ट्रॅक मेन आउटमधून काढा आणि एकट्यालाच मोकळ्या मोनो आउटपुटवर पाठवा, समजा ३. त्यावर प्लगइन नाही, सेंड नाही. ज्या ट्रॅकवर माइक रेकॉर्ड होतोय त्याचा आवाज चुकूनही ३ वर जाता कामा नये, इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सर अ‍ॅपमध्येही बघा, नाहीतर माइकचा आवाज परत अ‍ॅम्पमध्ये, परत माइकमध्ये, आणि एका सेकंदात कानठळ्या. पहिल्यांदा प्ले दाबताना अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर.

आता लेव्हल, जी बहुतेक जण अंदाजे लावतात. खरं तर मोजून लावता येते. रीअ‍ॅम्प बॉक्समधून निघालेली गिटार केबल अ‍ॅम्पला न लावता त्याच डीआयच्या किंवा हाय-झीच्या इनपुटला लावा जिथून ड्राय रेकॉर्ड केला होता, गेन फोटोतल्या जागेवर, आणि ड्राय ट्रॅक वाजवून नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. बॉक्सचा नॉब किंवा आउटपुटचा फेडर असा फिरवा की नव्या ट्रॅकचा पीक जुन्याइतकाच येईल. जुळलं की अ‍ॅम्पला आता तेवढाच व्होल्टेज जातोय जेवढा गिटार देत होती. केबल अ‍ॅम्पला लावा आणि तो फेडर लॉक करा. दुसऱ्या कोणाचा ड्राय ट्रॅक आला असेल तर हा मार्ग बंद, मग त्यांनी पाठवलेला वेट ऐकत गेन कानाने जुळवायचा.

नवा ट्रॅक थोडा मागे पडलेला असेल. सॉफ्टवेअर इंटरफेसची लेटन्सी (लागणारा उशीर) भरून काढतं, पण डिजिटल पेडलची आणि माइकच्या अंतराची नाही, स्पीकरपासून ३० सेंटिमीटर म्हणजे ०.९ मिलिसेकंद, ४८ किलोहर्ट्झवर ४२ सॅम्पल. नुसता नवा आवाज वापरायचा असेल तर इतकं चालतं. पण जुना वेट आणि नवा रीअ‍ॅम्प एकत्र वाजवायचे असतील तर चालत नाही, आवाज पोकळ होतो. म्हणून ड्राय ट्रॅकच्या सुरुवातीला गाण्याच्या दोन बीट आधी एक छोटी क्लिक टाकून ठेवा, रीअ‍ॅम्प झाल्यावर झूम करून नव्या ट्रॅकवरची क्लिक ड्रायच्या क्लिकशी जुळवा आणि मग जुना वेट जेवढा मागे असेल तेवढा नवा ट्रॅक मागे सरकवा (जुना वेट आणि ड्राय यांच्यातलं अंतर पहिल्या पिकच्या फटक्यावर मोजता येतं). मग पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून बघा, ज्या बाजूला खालचा भाग भरीव वाटेल ती ठेवा.

ड्राय दुसऱ्याकडे रीअ‍ॅम्पसाठी पाठवत असाल तर प्रत्येक गिटारची एकच सलग मोनो वेव्ह फाइल, सगळ्यांची सुरुवात पहिल्या बारपासून, २४ बिट, फेडर शून्यावर. सोबत टेम्पो, ट्यूनिंग, कुठला पिकअप वापरला ते, फझ किंवा वॉ ड्रायमध्ये आधीच गेलाय का ते, आणि वेट ट्रॅक जरूर पाठवा, नुसतं वजनदार पाहिजे असं लिहून समोरच्याला काही कळत नाही.